मुठीतला गंज

पुष्कळ पिढ्यांमागे जपानच्या बेटांवर एका सम्राटाच्या कारकिर्दीचे नववे वर्ष होते. शरद ऋतू होता, भातकापणी नुकतीच संपली होती. डोंगरातल्या एका किल्ल्यावर तेव्हा एक तरुण सरदार गादीवर बसला.

किल्ल्यात एक तलवार होती. सरदाराच्या पणजोबांना ती सम्राटाच्या घराण्याने दिली होती. अट एकच, ती तलवार दाखवेल त्याचाच किल्ला. वसंतात नव्या सरदाराला ती दरबारात न्यायची होती.

त्या देशात पाते आरशासारखे लखलखीत ठेवतात. पण पात्याचा जो भाग मुठीत दडलेला असतो, त्याला कुणी घासत नाही. तिथे गंज चढू देतात. त्या काळ्या गंजावरून तलवारीचे वय कळते, आणि घडवणाऱ्याचे नावही तिथेच कोरलेले असते. एवढे तिथले शेंबडे पोरही जाणते.

सरदाराने मूठ उतरवली आणि नाक मुरडले. असली घाण दरबारात नेली तर लोक हसतील, म्हणाला. ती घासून काढायचा हुकूम सोडला.

त्याची आई संतापली. "अरे, ती घाण नाही. तिचं वय आहे ते. हात लावशील तर याद राख."

"वय तुझ्याही तोंडावर दिसतं, आई. घासून निघत नाही म्हणून राहिलंय."

हुजरे हसले. आई पुन्हा त्याच्याशी बोलली नाही.

पाती घासणाऱ्या म्हाताऱ्या शिकलगाराने हुकूम ऐकून दगड खाली ठेवला आणि तो घरी निघून गेला. तेव्हा या शहाण्याने स्वतः बसून घासले. गंज गेला. नावही गेले. लोखंड चांदीसारखे चमकले आणि तो खूश झाला.

वसंतात दरबारच्या पारख्याने मूठ उतरवली. "ही कालची आहे," एवढेच तो म्हणाला.

सरदाराने शपथांवर शपथा घेतल्या. शेवटी आईला साक्षीला उभे केले.

"तलवार खरी आहे," आई म्हणाली. "तिचा खरेपणा माझ्या मुलानं घासून टाकला."

सम्राट म्हणाला, "खोटी असती तर तुला चोर म्हटलं असतं. खरी आहे, म्हणून तुला काय म्हणावं ते मला सुचत नाही."

त्याच दिवशी किल्ला काढून घेतला गेला. पणजोबांनी मिळवलेले पणतूने परत केले.

वाडवडिलांच्या ठेव्याची ज्याला लाज वाटते, त्याच्या हाती तो ठेवा राहत नाही.