बँकेला ओळखतं कोण?

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला मंडळी, आणि शब्द साधे आहेत तेही चालवून घ्या.

बंदरावरच्या एका गावात नवी सरकारी बँक उघडली. खातं काढायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराने ओळखीची सही द्यावी, असा तिचा नियम. मासळी विकणारी चांगुणा खातं काढायला आली, कारण घरात ठेवलेली तिची कमाई दारुड्या दिराच्या हाती लागे.

बँकेचे मॅनेजर टिपणीस साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हिला कोणी ओळखतं का इथे?"

बँकेतला कारकून हरेश्वर तिच्या शेजारचाच, तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. त्याचं खातंही होतं. पण आपणही कोळीवाड्यातलेच, हे साहेबांपुढे सांगायची त्याला लाज वाटली. त्याने मान खाली घातली. चांगुणाने ते पाहिलं, पण त्याचं नाव काही घेतलं नाही.

"साहेब, तुमची बँकही गावात नवीच. तिला कोण ओळखतं?"

"अहो बाई, आमच्या वर मुंबईचं मुख्य कार्यालय आहे, त्याच्याही वर रिझर्व्ह बँक!"

"वरचे सगळ्यांनाच असतात हो. माझ्या वर देव आहे, तो चालेल? नाही ना? मग माझ्याकडे शेजारचा मागता, तसा तुमचा शेजारचा दाखवा!"

रांगेतले सगळे खो खो हसले. साहेबांचा रुमाल खाली आला. हरेश्वरला मात्र वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चांगुणाच्या दारात गेला. "मावशी, चल," म्हणाला, आणि भर बाजारातून तिच्यासोबत चालत बँकेत येऊन साहेबांसमोर त्याने ओळखीची सही केली.