सायबाईच्या जिवावर कोण उठलं?

खव्याच्या भट्ट्यांचं एक गाव होतं. दुपार कलली की गल्लोगल्ली आटणाऱ्या दुधाचा वास सुटायचा. त्या गावात निवृत्ती नावाचा एक खवेवाला राहायचा. माणूस कष्टाळू, हात स्वच्छ, दुधात थेंबभर पाणी घालणार नाही. पण स्वभाव असा, की शेजाऱ्याने रामराम केला तरी ह्याच्या मनात यायचं, आज हा एवढा गोड का बोलतोय? गवळी हसला तर का हसला, आणि नाही हसला तर का नाही हसला. अशा माणसाला दोन घास तरी कसे गोड लागत असतील, देव जाणे.

साऱ्या दुनियेत त्याचा विश्वास एकाच जिवावर होता. ती त्याची मांजर, सायबाई. रंगाने पांढरी, अंगाने अशी गोल की दुकानाच्या फळीवर बसली तर कुणीतरी उशी विसरून गेलंय असं वाटावं. मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, काही कळायचं नाही. येणारी-जाणारी माणसं तिच्या पोटावरून हात फिरवायची आणि हसायची. रडकं पोरसुद्धा तिला बघून गप्प व्हायचं.

आणि त्या गावची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. खवा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कढईत डोकवायच्या आधी खवेवाल्याची मांजर बघायचं. मांजर गुबगुबीत, तर दूध निर्भेळ. मांजर हडकुळी, तर दुधात पाणी. ही अक्कल पहिल्यांदा कुणी काढली ते ठाऊक नाही, पण शहाणी शहाणी माणसं त्या अकलेवर चालत होती. त्यामुळे गावातला प्रत्येक खवेवाला आपली मांजर फुगवायच्या मागे असायचा, आणि सायबाईच्या पासंगालाही कुणाची मांजर पुरायची नाही. लग्नाची जेवणं करणारा लिंबाजी आचारी तर दर मोसमात यायचा, सायबाईला दोन्ही हातांनी उचलून बघायचा आणि म्हणायचा, "ह्या वर्षीही माल चोख दिसतोय."

निवृत्तीची छाती फुगायची. संध्याकाळी कढई उतरली की तळाची खरवड सायबाईची. सकाळच्या दुधावरची साय सायबाईची. मधल्या वेळेला खव्याचा गोळा, तोही तिचाच.

एके दिवशी सायबाईने फळीवर चढायला उडी घेतली आणि ती खालीच आपटली. पुन्हा घेतली, पुन्हा आपटली. मग जिभेचं टोक बाहेर काढून तिथेच धापा टाकत बसली. मांजर कुत्र्यासारखी धापा टाकताना निवृत्तीने कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या कुणाच्या मनात आलं असतं, हिचं वजन वाढलं. निवृत्तीच्या मनात आलं, हिला कुणी काय घातलं?

पहिला संशय समोरच्या दगडू खवेवाल्यावर. दगडूकडे गिऱ्हाईक कमी, म्हणजे त्याच्या पोटात दुखणारच. निवृत्तीने दगडूकडे बघणं सोडलं, बोलणं सोडलं, आणि त्याच्या दुकानाच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावला. दगडू बिचारा दोन दिवस विचार करत राहिला की आपलं काय चुकलं.

बायको अनसूया म्हणाली, "अहो, ती जड झालीय. जरा कमी द्या तिला."

निवृत्तीने तिच्याकडे रोखून बघितलं. हिला मांजर पहिल्यापासून नको होती. मागे एकदा पातेल्यात केस निघाला म्हणून किती बोलली होती. त्या दिवसापासून सायबाईची वाटी त्याने अनसूयेच्या हाताला लागू दिली नाही.

शेजारी सोनाबाई कासारीण बांगड्या विकायची. म्हातारी होती, एकटी होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दोऱ्याला फुटकी बांगडी बांधून जमिनीवर ओढायची, आणि सायबाई जमेल तशी तिच्यामागे दुडुदुडु धावायची. खायला मात्र सोनाबाई तिला काही द्यायची नाही. निवृत्तीने हे पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"मावशी, माझ्या मांजरीला दमवून मारायचा बेत आहे का तुमचा?"

"अरे, तिला दम लागतो म्हणूनच खेळवते," सोनाबाई म्हणाली. "बसून बसून तिचे पाय मोडतील एक दिवस."

"तुम्ही तिला कधी एक घास दिलेला मी पाहिला नाही. जिला द्यायचं नाही तिच्याशी एवढी सलगी कशाला?"

सोनाबाईने दोरा गुंडाळला आणि बांगड्यांची पेटी घेऊन ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसायला गेली. तिला वाईट वाटलं हे निवृत्तीला दिसलं, पण कळलं नाही. त्याला वाटलं, चोरी पकडली म्हणून गेली.

सायबाईचं दुखणं काही थांबेना. आता तिची मान पाठीपर्यंत वळत नव्हती. मांजर म्हणजे दिवसभर अंग चाटणारा जीव, आणि हिच्या पाठीवर केसांच्या गाठी झाल्या होत्या. दहा पावलं चालली की बसायची. शेवटी निवृत्तीने तिला टोपलीत घातलं आणि तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं, छातीला नळी लावली, आणि विचारलं, "काय खाते?"

निवृत्तीने अभिमानाने सगळं सांगितलं.

"रोग काही नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसती चरबी आहे. साय, खवा, खरवड, सगळं बंद करा. उकडलेलं मांस, मासळी द्या, मोजकीच. पण एकदम उपाशी ठेवू नका हं. जाड मांजर अचानक उपाशी राहिली तर तिचं यकृत बिघडतं आणि ती त्यानेच जाते. हळूहळू कमी करा आणि तिला हिंडवा. नाही केलंत, तर पुढचा पाडवा ती बघायची नाही."

निवृत्ती टोपली उचलून निघाला. वाटेत विचार करू लागला. मांजर वाळली की गिऱ्हाईक कुणाकडे जाणार? दगडूकडे. मग हा डॉक्टर कुणाचा माणूस? झालं, एवढ्यावर त्याने मनाशी गाठ मारली. औषध नाही, गोळी नाही, उलट खायला देऊ नका म्हणतो. असा कुठे डॉक्टर असतो?

घरी येताच त्याने शेवटचा उपाय केला. सायबाईला माजघरात ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. खिडकी आतून लावून घेतली. आता दगडू नाही, सोनाबाई नाही, अनसूया नाही, गिऱ्हाइकांचे हात नाहीत. आत जाणार तो फक्त निवृत्ती. हिला चोरून घालणाऱ्याचं आता काही चालायचं नाही, असं म्हणून त्याने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आणि विषाचा अंश निघून जावा, अंगात ताकद यावी, म्हणून सायीची वाटी दुप्पट केली.

अनसूया दारापाशी येऊन उभी राहायची. नवऱ्याने आपल्यावर मांजरीच्या बाबतीत संशय घ्यावा, ह्याचं तिला आतून फार लागलं होतं. पोळी वाढताना तिचा हात थांबायचा, आणि तो ताटाकडे बघून मग तिच्याकडे बघायचा. घरात बोलणं असं उरलं नव्हतं.

आठवडा गेला. निवृत्तीला खात्री होती, मांजर आता उठून बसणार. तो रोजच्यासारखा कुलूप काढून आत गेला. सायबाई कोपऱ्यात एका अंगावर पडली होती. तिचं पोट भात्यासारखं वर-खाली होत होतं. तिने त्याला पाहिलं, उठायचा प्रयत्न केला आणि उठली नाही.

त्याने सवयीने वाटी पुढे केली. सायबाई लांब होती, म्हणून वाटी अजून पुढे केली. तिचं तोंड पोचेना, म्हणून मान हातात धरून वाटी ओठाला लावली. सायबाईने पडल्या पडल्या साय चाटली. आणि मग तिला इतका दम लागला की तिचे डोळे मोठे झाले.

निवृत्ती घाबरला आणि त्याचं मन सवयीच्या वाटेने पळालं. कुणी केलं हे? कोण आलं होतं आत?

त्याने खिडकी बघितली. कडी जागच्या जागी होती. त्याने कुलूप बघितलं. किल्ली त्याच्या कमरेला होती, झोपेतही होती. अनसूया? ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. सोनाबाई बाजाराच्या त्या टोकाला. दगडू गोणपाटाच्या पलीकडे. डॉक्टर तालुक्याला. एकेक करून सगळी माणसं त्याने स्वतःच बाहेर काढली होती, आणि तरी मांजर मरणाच्या दाराशी आली होती. संशय घ्यायला आता आत एकच माणूस उरला होता, आणि त्या माणसाच्या हातात वाटी होती.

निवृत्तीने वाटी जमिनीवर ठेवली. त्याला रडू आलं. इतकी वर्षं त्याने जगावर पाळत ठेवली आणि स्वतःच्या हाताकडे कधी बघितलं नाही.

तो बाहेर आला आणि अनसूयेला म्हणाला, "अगं, मीच मारत होतो तिला."

"माहीत होतं मला," अनसूया म्हणाली. "पण मी पुन्हा म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मला ती नकोच आहे."

त्याने करदोड्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली.

मग डॉक्टरांनी सांगितलं तसं सुरू झालं. साय गेली, खवा गेला, उकडलेली मासळी थोडी थोडी आली. निवृत्ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि सोनाबाईसमोर हात जोडून उभा राहिला. सोनाबाई म्हणाली, "मला नाही ते बोललास त्याचं काही नाही रे, पण त्या मुक्या जिवाचे एवढे दिवस वाया घालवलेस." तरी ती परत शेजारी येऊन बसली. दगडूकडच्या बाजूचा गोणपाटही निवृत्तीने काढून टाकला. सायबाई रोज थोडी चालायला लागली. सुरुवातीला ओरडायची फार. कढईपाशी येऊन असं केविलवाणं तोंड करायची की दगडालाही पाझर फुटावा. निवृत्ती तोंड फिरवायचा आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायचा. हळूहळू पोट आटलं, मान दिसायला लागली, पाठीवरच्या गाठी गेल्या. दिवाळी येईपर्यंत सायबाई छपरावर हिंडायला लागली.

पण खरी गोष्ट इथून पुढेच आहे.

लग्नाचा मोसम आला आणि लिंबाजी आचारी आला. दुकानासमोर गिऱ्हाईक बरंच जमलं होतं. लिंबाजीने सवयीप्रमाणे सायबाईला उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"निवृत्ती," तो हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मांजर अर्धी झाली की तुझी. ह्या वर्षी दुधात काही पडतंय का?"

समोरच्या प्रत्येक डोळ्यात त्याला ते दिसलं, जे इतकी वर्षं त्याच्या डोळ्यात असायचं. एक बाई हातातलं भांडं हळूच पदराखाली घेत होती. कुणीतरी कुणाच्या तरी कानात कुजबुजलं. गुन्हा केलेला नसताना असं बघितलं जाणं म्हणजे काय, ते त्याला पहिल्यांदा कळलं. दगडूला, सोनाबाईला, अनसूयेला असंच वाटलं असणार.

सायबाई कढईपाशी येऊन बसली आणि वर बघून ओरडली. सगळे टक लावून बघत होते. उपाय सोपा होता. खव्याचा एक गोळा सगळ्यांदेखत तिच्यापुढे टाकला की झालं. रोज एक टाकला तर महिन्याभरात मांजर पहिल्यासारखी, गिऱ्हाईक पहिल्यासारखं. निवृत्तीचा हात कढईकडे गेला.

त्याने कढईवर झाकण ठेवलं.

"लिंबाजी, संशय घ्यायचा तर मालावर घ्या. तो घ्यायचा तुमचा हक्कच आहे," तो म्हणाला. "पण मांजर माझी आहे, साक्षीदार नाही. मी तिला ह्यापायी मरायला टेकवलं होतं. पुन्हा नाही टेकवणार, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

त्याने ताज्या खव्याचा गोळा पानावर ठेवून लिंबाजीपुढे धरला. लिंबाजीने तो बोटांवर चोळला, नाकाशी नेला, जिभेवर ठेवला. भांडं पदराखाली घेतलेली बाई तोवर दगडूच्या दुकानाकडे निघून गेली होती, आणि तिच्यामागे आणखी चार माणसं गेली. निवृत्तीने त्यांना जाताना पाहिलं.

"चोख आहे," लिंबाजी शेवटी म्हणाला आणि त्याने आपलं पातेलं पुढे केलं.

गेलेली माणसं काही सगळीच परत आली नाहीत. आणि लिंबाजीही तेव्हापासून दर वेळी खवा बोटांवर चोळून बघायचा, मगच घ्यायचा. निवृत्ती त्याच्यासमोर पान धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघा, नीट बघून घ्या." पण कढईचं झाकण त्याने सायबाईसाठी पुन्हा उघडलं नाही.

तात्पर्य: आपल्या लाडक्या जिवाला काय बाधतंय हे शोधताना पहिला संशय आपल्याच हातावर घ्यावा, आणि लोकांत मान राहावा म्हणून मुक्या जिवाला फुगवू नये.