मालन कोरेचा पॉइंट

"कुणाचं वाढलं?" जमादार मास्तरांनी विचारलं.

"मालन कोरेचं." अश्लेषानं रिपोर्ट त्यांच्यापुढं सरकवला. चौतीस या आकड्याभोवती तिनं लाल पेनानं असा गोल काढला होता, की कागद फाटायचाच बाकी होता. "तीन महिन्यांपूर्वी बावीस, आज चौतीस. हद्द तीसची. तिचा कॅन्सर परत आलाय, मास्तर."

दवाखान्याच्या रक्ततपासणीच्या खोलीत मास्तरांची चाळीस वर्षं गेली होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर होते, आजच परत आलेले. काही विचारलं की उलटा प्रश्न टाकायची त्यांना खोड होती. लोक त्याला ज्ञान म्हणत. अश्लेषाच्या मते तो बहिरेपणा होता.

ती दुसऱ्या वर्षात मेडिकल सोडून आलेली. भर वर्गात एका सरांना म्हणाली, तुम्ही वीस वर्षांपूर्वीचं शिकवताय. सर म्हणाले, माफी माग. ही म्हणाली, मागत नाही. संपलं शिक्षण. तेव्हापासून मास्तरांच्या हाताखाली रक्त काढायची, मशीनवर लावायची. दीड वर्षात माझा एक आकडा चुकलेला नाही, असं येईल त्याला ऐकवायची. खरंच चुकला नव्हता.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका दर तीन महिन्यांनी इथं रक्त द्यायला येत. आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, याचा माग रक्तातल्या एका खुणेवरून घेतात. खूण चढू लागली की सावध व्हायचं. बायका तिला पॉइंट म्हणत. साखरेचा पॉइंट, तसा कॅन्सरचा पॉइंट.

मालन बाहेर बाकावर बसली होती. हळदीच्या वखारीत निवडायला जाणारी बाई. गेलेले केस परत आल्यावर आज पहिल्यांदा वेणी घातली होती तिनं. सकाळी दंड पुढं करून म्हणाली होती, "बघा बाई, रक्त निघतंय का हळद."

"शहापुरे डॉक्टरांना कळवलंस?" मास्तरांनी विचारलं.

"फोन केला. उद्यापासून केमोचं सलाईन लावतो म्हणाले."

"स्कॅन न करता?"

"नंतर बघू म्हणाले."

शहापुरे डॉक्टर तसलेच. आकडा दिसला की त्यांना सलाईन सुचायचं.

"मास्तर, ही सातवी," अश्लेषा म्हणाली. तिची मान ताठ होती. "तुम्ही नव्हता तेवढ्यात सातजणी पकडल्या मी. गाठ हाताला लागायच्या आधी. तुमच्या चाळीस वर्षांत झालं होतं असं कधी?"

"नाही झालं."

"मग?"

"कुणाचं वाढलं?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतं. म्हणून तर विचारतोय."

मास्तर उठले. डीप फ्रीझर उघडून बराच वेळ आत चाचपत राहिले. शेवटी बोटाच्या पेराएवढी एक नळी बाहेर काढली. नळीवर मालनचं नाव होतं, तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

"मागच्या खेपेचं तिचं उरलेलं रक्त. लाव मशीनवर."

"हे झालंय की. बावीस आलं होतं."

"लाव म्हटलं."

तिनं नळी वितळवली, मशीनवर लावली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. म्हाताऱ्याला खात्री करून घ्यायचीय, तर घेऊ दे.

दारातून मालन डोकावली. "बाई, माझा पॉइंट आला का? गाडी चुकंल माझी."

"येतोय. बसा."

"वाढला न्हाई न्हवं?"

"बसा जरा," अश्लेषा म्हणाली.

आकडा आला. तेहतीस.

तिनं नळीवरचं नाव पुन्हा वाचलं. तारीख पुन्हा वाचली.

"रक्त तेच," मास्तर म्हणाले. "तेव्हा बावीस. आज तेहतीस. आता सांग, कुणाचं वाढलं?"

अश्लेषाची नजर मशीनवर गेली. तीन आठवड्यांपूर्वी जुनं मशीन गेलं होतं, दुसऱ्या कंपनीचं आलं होतं. हे मशीन चढंच मोजत होतं. मालन होती तिथंच होती. मोजायची पट्टी बदलली होती.

तिनं फोन उचलला. "डॉक्टर, मालन कोरेचं सलाईन रद्द करा. मी चुकीचं वाचलं. नाही, रद्दच. बाकीच्या सहाजणींचंही थांबवा, मी येते सांगायला." पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. तिनं फोन ठेवून दिला.

मग बाहेर गेली. "मालनताई, तुमचा पॉइंट हलला नाही. मशीनचा वाढला होता."

मालन पिशवी उचलत म्हणाली, "मग त्याचं करा की आप्रेशन." आणि गाडी गाठायला निघून गेली.

दुसरी कुणी असती तर मान खाली घालून आत आली असती. अश्लेषा आली ती नव्या मशीनच्या रसायनांच्या किटचं खोकं उचलूनच. आतली बारीक अक्षरांची घडी उलगडली, वाचली आणि मास्तरांसमोर आपटली.

"या किटची हद्द अडतीस आहे. आपल्या रिपोर्टच्या छापील कागदावर तीस आहे. हे कागद कुणाचे?"

"माझे."

"मशीन बदललं तेव्हा कागद का नाही बदलले?"

मास्तरांनी घडी डोळ्यांजवळ नेली.

"मी सांगते. जुना गठ्ठा संपवून टाका, मग नवे छापू, असं तुम्ही म्हणालात. या खुर्चीत बसून म्हणालात आणि रजेवर गेलात. कागद वाया जाऊ नये म्हणून. सहाजणी घरी जाऊन रडल्या असतील, मास्तर. मला तीनदा विचारलंत ना, कुणाचं वाढलं? स्वतःला एकदा विचारायचं होतं."

या वेळी मास्तरांचा उलटा प्रश्न आला नाही. त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची तिच्याकडं वळवली.

"बस. सहाजणींना पत्रं लिही. पुन्हा तपासायला बोलाव. चूक कुणाची, तेही लिही."

ती बसली. त्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं, पण तिला अवघडल्यासारखं वगैरे झालं नाही. तिनं लिहिलं: हद्द चुकीची छापली, ही चूक जमादार मास्तरांची.

मग तिनं खाली लिहिलं: ती हद्द न तपासता लाल गोल काढले, ही चूक अश्लेषा मगदूमची.

कागद मास्तरांकडं ढकलून ती म्हणाली, "करा सही."

"तू कर."

"मी कशी करणार? सहीला डिग्री लागते."

मास्तरांनी कागद तिच्याकडं परत सरकवला.

"चुकायला डिग्री लागली होती?"