एक संत जास्त

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, खाऱ्या वाऱ्याने वर्षभर झोडपून निघणारं एक बेट आहे असं समजा. तिथे एकदा एक वृद्ध राहत असे. बेटाची मूळ भाषा आयरिश. पण ती सहज, विचार न करता बोलणारे दोघेच उरले होते: हा वृद्ध आणि त्याचा शेजारी मॅकदारा. बाकीची मंडळी इंग्रजीत भांडत, इंग्रजीत लाड करत आणि सणासुदीला आयरिश भाषेचे गोडवे गात. आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी आहे असं मी म्हणणार नाही.

पुढे मॅकदाराही गेला. त्याच हिवाळ्यात शहरातून एक तरुणी वृद्धाकडे भाषा शिकायला आली. तिची आजी मरताना याच भाषेत काहीतरी सांगत होती. खाटेभोवती लेक, सून, नातवंडं सगळी उभी होती, पण कुणाला एक अक्षर कळलं नाही. आजी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली आणि तशीच गेली. ती बोच मुलीच्या मनातून जाईना. पुन्हा कधी असा प्रसंग आला तर आपल्याला उत्तर देता यावं, एवढाच तिचा ध्यास होता.

मुलगी बुद्धीने तल्लख. थोड्याच काळात ती बऱ्यापैकी बोलू लागली. एके दिवशी तिने विचारलं, "आजोबा, तुमचे आवडते शब्द सांगा ना."

वृद्धाने हात आखडता घेतला नाही. 'मेहल' सांगितला, म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या शेतात राबायचं. आपल्याकडची सावडच ती. 'ता ब्रोन ओरम' सांगितलं. तिथला माणूस 'मी दुःखी आहे' असं म्हणत नाही, 'दुःख माझ्यावर आहे' असं म्हणतो. मुलगी हरखून गेली.

"आणि या सगळ्यात तुमचं सर्वांत आवडतं?"

वृद्धाने टोपी डोक्यावर ठेवली. "ते माझ्याकडे नाही," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

मुलगी मागोमाग गेली. वृद्ध मॅकदाराच्या बंद घरासमोर थांबला. टोपी काढून त्याने दाराला नमस्कार घातला, "दिया ग्वित." देव तुझ्यासोबत असो. मग मान किंचित कलती करून तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. आतून अर्थातच काही आलं नाही. त्याने टोपी घातली आणि परत फिरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. अखेर मुलीने वाणसामानाच्या दुकानातल्या बाईला विचारलं.

"अगं, त्यांचा जुना खेळ तो," बाई म्हणाली. "आमच्याकडे नमस्काराचं उत्तर नमस्कारापेक्षा मोठं असावं लागतं. एकाने देव म्हटला, तर दुसऱ्याने देव आणि मेरी माता म्हणायचं. हे दोघं तिथे थांबतायत कुठले! दारात उभे राहून एकेक संत वाढवत बसायचे. ज्याचे संत संपतील त्याने चहा करायचा. आता कुणाशी खेळतोय कोण जाणे. डोकं फिरलंय बिचाऱ्याचं."

आपल्याकडे रामरामाला रामराम मिळाला की विषय संपतो. तिथे उत्तर देणाऱ्यावर काहीतरी भर घालण्याची जबाबदारी असते. मुलीला वाटलं, त्या म्हाताऱ्याला वेड लागलेलं नाही, त्याला फक्त उत्तर हवं आहे. आणि उत्तर तर आपल्याला येतं! तिने सगळे संत क्रमाने पाठ केले, उच्चार घोटले. पुढच्या संध्याकाळी ती आधीच जाऊन दाराची कडी काढून आत बसली. चूल थंड होती. खुंटीवर मॅकदाराचा कोट अजून तसाच होता.

बाहेर पावलं थांबली. "दिया ग्वित."

मुलीने आवाज स्थिर ठेवला. "देव आणि मेरी माता तुझ्यासोबत असोत."

बाहेरून कापऱ्या आवाजात संत पॅट्रिक आला. मुलीने संत ब्रिजिद वाढवली. बाहेरून घाईघाईने, जवळजवळ हसतच, संत कोलमकिल आला. मुलीने ठरल्याप्रमाणे संत ब्रेंडन जोडला.

पुढे काहीच आलं नाही. तिने दार उघडलं. वृद्ध भिंतीला धरून उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

"आजोबा, माझं काय चुकलं? उच्चार चुकला का?"

"नाही गं पोरी. काहीच चुकलं नाही," तो म्हणाला. "तिथेच तर कळलं. मॅकदारा ब्रिजिदपर्यंत सरळ यायचा. त्यानंतर म्हणायचा, 'देव, मेरी, पॅट्रिक, ब्रिजिद, कोलमकिल आणि माझी लंगडी गाय तुझ्यासोबत असोत.' मग मी त्यात त्याची सासू घालायचो. तो शिव्या घालायचा आणि मी आत जायचो. ते गाईचं वाक्य माझं सर्वांत आवडतं. मला ते म्हणता येतं, पण म्हणून काय करू? ते मला ऐकायचं असतं. इतके दिवस मी वाट पाहत होतो. आज तू बरोबर उत्तर दिलंस आणि तो मेला हे मला पटलं."

"मी शिकते ते वाक्य. मी म्हणेन," मुलगी रडत म्हणाली.

"तू ती गाय पाहिलेली नाहीस," वृद्ध हळूच म्हणाला. "तू माझ्यापेक्षा शुद्ध बोलशील, त्यात शंका नाही. पण ज्याच्याशी मनसोक्त चुकीचं बोलता येत होतं, तो गेला. उरले ते शब्द. ते तू घेऊन जा."

त्या दिवसानंतर तो मॅकदाराच्या दाराशी गेला नाही. संध्याकाळी चुलीपाशी बसून राहायचा. वसंत ऋतू लागता लागता त्याने अंथरूण धरलं. मुलगी उशाशी बसून होती. शेवटच्या दिवशी त्याने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "दिया ग्वित." मग मान किंचित कलती करून थांबला.

मुलीला प्रत्येक अक्षर कळलं. उत्तरही ओठांवर आलं. याच क्षणासाठी तर ती ही भाषा शिकली होती. पण तिने ओठ मिटून घेतले आणि फक्त त्याचा हात धरला. आजीच्या खाटेपाशी आपल्याला भाषा आली असती, तरी फार काही झालं नसतं, हे तिला तेव्हा कळलं. आजी खाटेभोवतीच्या माणसांशी बोलतच नव्हती.