ढवळीची घंटा

फार मागे, शेळ्यांचं बोलणं डोंगराला कळत होतं तेव्हाची ही गोष्ट. म्हातारी ढवळी कळपाच्या पुढे चाले आणि तिच्या गळ्यातली पितळी घंटा वाजेल तिकडे सगळ्या शेळ्या जात. तरण्याताठ्या कबरीला त्या घंटेचा भारी सोस. "आजी, एकदा मला घालू दे ना," म्हणून ती रोज मागे लागायची. एके सकाळी ढवळीनं मान खाली घातली आणि घंटा तिच्या गळ्यात सोडली.

कबरी ऐटीत निघाली. ओढा ओलांडून वळून बघते, तर सगळ्या शेळ्या पलीकडच्या काठावर ढवळीला बिलगून उभ्या! मागे आलं होतं एकच इवलंसं करडू, तेही मधल्या दगडावर अडकून थरथरत होतं.

कबरीचे डोळे भरून आले. पण करडाकडे जावं, तर घंटेच्या आवाजानं ते आणखीच बिचकायचं. शेवटी तिनं झुडपाला मान घासून घंटा काढली आणि पाण्यात उतरली. एकेक दगड खुरानं चाचपत, "इथं ठेव पाय, बाळा," म्हणत तिनं त्याला काठाला आणलं. मग ती पलीकडच्या काठावरच्या दुसऱ्या करडासाठी परत गेली. मग तिसऱ्यासाठी.

दमूनभागून ती चढाला लागली, तेव्हा मागून खुरांचा आवाज आला. सगळा कळप तिच्यामागे येत होता.

"अगं बाई, घंटा झुडपावरच राहिली!" कबरी एकदम म्हणाली.

सगळ्यांच्या मागून सावकाश येणारी ढवळी म्हणाली, "राहू दे गं. आता कुणाला ऐकायचीय ती?"