पेपर लँटर्नचे गुण

"म्हणजे घोडी जिंकली, यात चूक माझी?"

सौमित्र कारखानीसनं हे विचारलं तेव्हा तो अजून पायरीवरच होता. एक बूट काढलेला, एक पायात.

खोर्शेदबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

"आधी दुसरा बूट काढ," त्या म्हणाल्या.

खोर्शेदबाईंनी उमेदीची सगळी वर्षं पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर घोड्यांना गुण देण्यात घालवली होती. त्या गुणांवरून शर्यतीत कुणाच्या पाठीवर किती वजन चढवायचं ते ठरे. चांगल्या घोड्याला जास्त, कच्च्याला कमी. निवृत्तीनंतर त्या पुणे कॅम्पातल्या आपल्या घरात राहत, आणि ज्याला ही विद्या हवी असेल त्याला ती देत. फार कुणाला नको असे.

सौमित्रला हवी होती. तो त्यांच्याकडेच शिकला. आता तो जगभरच्या सपाट मैदानांवरल्या मोठ्या शर्यतींचं मोजमाप करी. शनिवार-रविवारी कुठल्या देशात कोण धावलं, कसं धावलं, कुणाची धाव अव्वल दर्जाची, हे सोमवारी त्याच्या सदरात येई. लोकांचा त्याच्या आकड्यांवर विश्वास होता. त्याचा स्वतःचा तर लोकांपेक्षा थोडा जास्तच.

शुक्रवारी त्यानं लिहिलं होतं, 'पेपर लँटर्न ही घोडी गुणी आहे, पण अव्वल नाही. पॅरिसला ती हवा खायला चालली आहे.'

रविवारी पॅरिसला पेपर लँटर्न जिंकली.

तेव्हापासून त्याचा फोन वाजत होता. कुणीतरी घोडी फ्रेंच पाव खात असल्याचं चित्र करून पाठवलं होतं. ते चित्र बरंच फिरलं.

बूट काढून तो वर आला. टॅबलेट टेबलावर ठेवला.

"बाई, दुपारपर्यंत मला गुण पाठवायचे आहेत. तुम्ही एकदा हो म्हणा, बस."

"कशाला हो म्हणू?"

"शनिवारी आयर्लंडमध्ये आयर्न बिशप जिंकला. मागच्याला घोड्याच्या सात लांबी मागे टाकून. या आठवड्यातली सर्वांत मोठी धाव ती. माझे सर्वांत जास्त गुण त्याला."

"नी घोडीला?"

"तिचे आहेत तेच ठेवतो. पॅरिसची शर्यत खरी नव्हती."

खोर्शेदबाईंनी चष्मा पुसला.

"खोटी शर्यत कशी असते?"

सौमित्र तयारीनं आला होता. त्यानं सांगायला सुरुवात केली. पाऊस पडून मैदान मऊ झालेलं. सुरुवातीला कुणीच वेग धरला नाही. घोडीला आतली, कमी अंतराची बाजू मिळाली. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती तो मोनार्क वळणावर अडकला. त्याला वाटच मिळाली नाही.

त्या ऐकत होत्या. मधे एकदा मान हलवली. सौमित्रला बरं वाटलं.

"दाखव," त्या म्हणाल्या.

त्यानं पॅरिसची शर्यत लावली. घोडे शेवटच्या वळणाला आले. निळ्या टोपीचा जॉकी घोडीवर वाकला, आणि ती पुढं निघाली.

खोर्शेदबाईंनी हात पुढं केला आणि पडद्यावर तळवा ठेवला. बरोबर घोडीवर.

"बाई, दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"घोडी."

"ती जिंकली ते ठाऊक आहे नी तुला? मग तिला काय बघायचं… बाकीचे बघ."

घोडी पुढं सरकली तसा त्यांचा तळवाही सरकला. सौमित्र उरलेल्यांकडे पाहू लागला.

"तुझा मोनार्क कुठं अडकला?"

"इथं. हे बघा."

"किती वेळ?"

त्यानं चित्र मागं नेलं. पुन्हा पुढं सोडलं. पुन्हा मागं नेलं.

"…क्षणभर."

"नंतर?"

"नंतर वाट मोकळी होती."

"अजून किती मैदान बाकी होतं?"

सौमित्रनं पडद्यावर बोटानं मोजलं. बरंच बाकी होतं.

"पुढं चालव. मोनार्क थकला?"

"नाही. छान धावतोय. दुसरा आला."

"तिसरा कोण?"

त्यानं नाव सांगितलं. मागच्या महिन्यात मोनार्कनं त्याला एक लांबी मागं टाकलं होतं.

"आज किती मागं टाकलं?"

"…एक लांबी."

"चौथा?"

चौथाही नेहमी जिथं असतो तिथंच होता. सौमित्रनं ते सांगितलं नाही. पण त्याचं बोट पडद्यावर त्या घोड्यापाशी थांबलं, आणि बाईंना ते दिसलं.

"या सगळ्यांत वाईट कोण धावलं?"

त्यानं शेवटचा पट्टा पुन्हा एकदा चालवून पाहिला.

"कुणीच नाही," तो म्हणाला.

खोर्शेदबाईंनी तळवा उचलला.

घोडी त्या सगळ्यांच्या पुढं होती. कान टवकारलेले. अजून पळायचं असेल तर पळू, अशी.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"आता तुझा बिशप लाव."

"बाई, तो तर सात लांबी—"

"लाव."

आयर्लंडच्या हिरव्यागार मैदानावर घोडे सुटले. दोन घोडे पहिल्यापासूनच एकमेकांशी झुंजत पुढं धावले. बिशप मागं, निवांत. सरळ पट्ट्यावर तो बाहेरून आला, आणि बाईंचा तळवा त्याच्यावर पडला.

आता सौमित्रला सांगावं लागलं नाही. तो मागच्यांकडे बघू लागला.

पुढचे दोघे झुंजून संपले होते. एकाची मान वर गेलेली, दुसरा जागच्या जागी टापा आपटल्यासारखा. ज्याच्याकडून खरी आशा होती तो शेवटून दुसरा. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून एक साधा घोडा येत होता. त्याला कुणी कधी विचारलंही नव्हतं.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"असाच एक. मोठ्या शर्यतीतला नव्हे."

"नी दुसरा आला त्याच्या बरोबरीनं आला."

"हो."

"म्हणजे सात लांबी कुणाच्या पुढं?"

सौमित्रनं खुर्चीला पाठ टेकली.

"थकलेल्यांच्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण बिशप मोठा घोडा आहे, बाई."

"असेल. मला पण वाटते, असेल. शनिवारी ते कळलं का?"

"…नाही."

त्यांनी तळवा उचलला नाही. टॅबलेटच बाजूला सारला.

सौमित्र खाली बघत होता. दोन दिवसांत दोनदा. ज्याला वर चढवलं तो वरचा ठरत नव्हता, आणि जिला खाली ठेवलं ती सगळ्यांच्या वर होती. फोन पुन्हा वाजला. त्यानं तो उलटा ठेवला.

"हसा," तो म्हणाला. "सगळे हसतायत, तुम्हीही हसा."

त्या हसत नव्हत्या. काठी घेऊन उठल्या आणि आत गेल्या.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. मग तुपात रवा भाजल्याचा वास आला. मग बेदाण्यांचा. सौमित्र उठून दारापर्यंत गेला.

त्या कढईत दूध ओतत होत्या. ओट्यावर काचेच्या दोन सुरेख बशा काढल्या होत्या, सोनेरी काठाच्या. त्या बशा एरवी कपाटाबाहेर येत नसत, हे त्याला माहीत होतं.

"रवो?" त्यानं विचारलं. पारशी घरात रवो सणाला होतो, नाहीतर वाढदिवसाला. "आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा नाही."

"मग?"

"घोडीनं खोटं पाडलं ना."

सौमित्रचा चेहरा उतरला.

"मला खोटं पाडलं म्हणून तुम्ही गोड करताय?"

"तुला?" त्या ढवळायच्या थांबल्या. "अरे डिकरा, तू तिला किती गुण दिले होते?"

त्यानं सांगितले.

"मी माझ्या वहीत त्याच्यापेक्षा पण कमी दिले होते."

"तुम्ही बोलला नाहीत…"

"तू विचारलं नाही. तू आला तो भांडतच आला."

आणि आता त्या हसल्या. अंगाला हिसके बसेपर्यंत हसल्या. चमचा कढईच्या काठावर ठेवावा लागला. सौमित्र आधी नुसता उभा होता. मग त्याच्याही तोंडून हसू सुटलं.

"तिची आई मला आठवते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "व्हिडिओत पाहिली होती. मऊ मैदानावर पाय उचलायची नाही. मला वाटलं, मुलगी पण तशीच. काय ऐट माझी… इथं पुण्यात खुर्चीत बसून मी पॅरिसच्या चिखलाचं ठरवलं."

बशा घेऊन ते बाहेर आले. रवो गरम होता, वर चारोळ्या आणि बेदाणे.

"खा. नी ती शर्यत पुन्हा लाव."

"आता काय बघायचं राहिलं?"

"मी कुठं बघितली? हाताखाली होती."

त्यानं लावली. या वेळी त्यानं चित्र कुठंही थांबवलं नाही. वळण आलं. निळी टोपी वाकली. मोनार्क मोकळा झाला आणि जीव खाऊन निघाला. घोडीनं त्याला अंगाजवळ येऊ दिलं. त्याचं नाक तिच्या पोटापाशी आलं, खांद्यापाशी आलं, आणि तिथून ती अशी सुटली की मोनार्क थांबला आहे असं वाटावं. पण तो थांबला नव्हता. तो त्याच्या आयुष्यातला चांगल्यातला चांगला पळत होता, हे आता सौमित्रला पक्कं ठाऊक होतं.

शर्यत संपली तेव्हा तो उभा होता. हातात बशी तिरकी झालेली. कधी उठला ते त्याला कळलं नाही.

"काल बघितली तेव्हा पण उभा राहिला होतास?" बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "काल मी पाऊस किती पडला ते शोधत होतो."

बाईंनी त्याच्या बशीत आणखी एक चमचा रवो वाढला.

मग तो गुण लिहायला बसला. आठवड्यातले सर्वांत जास्त गुण पेपर लँटर्नला. बिशपच्या नावापुढं त्यानं बरेच कमी मांडले, आणि खाली लिहिलं, 'मोठा असावा. अजून दिसायचं आहे.' जिंकणारीच्या नावाखाली त्यानं थोडा विचार केला, आणि लिहून त्यांना वाचून दाखवलं.

"'पेपर लँटर्नबद्दल मी चुकलो होतो, पण पावसामुळे मैदान—'"

"'पण'च्या पुढचं पुस."

त्यानं पुसलं.

"'पण' पण पुस."

त्यानं तेही पुसलं. उरलं ते पाठवून दिलं. फोन लगेच वाजायला लागला. या वेळी त्यानं तो उचलला. पलीकडचा माणूस हसत होता, आणि हाही त्याच्याबरोबर हसला. घोडीला पाव आवडला असेल का, यावर दोघं जरा वेळ बोलले.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "बाई, आता तिचे गुण बरोबर झाले ना?"

"आज बरोबर."

"पुढच्या वेळी तिनं हेही खोटं ठरवलं तर?"

"तर तू ये. येताना दूध घेऊन ये, आजचं संपलं."

ऊन व्हरांड्यात आलं होतं. सौमित्र बशी चाटूनपुसून खात होता. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं. बाईंना ते दिसत होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

अखेर तोच म्हणाला, "चांगल्याला जास्त वजन, कच्च्याला कमी. म्हणजे तुमचं वजन अगदी अचूक असेल, तर सगळे घोडे एकदम पोचायला हवेत. एका रेषेत."

"हो. तेच तर काम होतं."

"मग इतक्या वर्षांत… एकदा तरी आले?"

खोर्शेदबाईंनी बशी खाली ठेवली. त्या अंगणातल्या उन्हाकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता.

"एकदा पण नाही," त्या म्हणाल्या. "काय मजा आली म्हणून सांगू."