फुकटचा विस्तव

एका गावात एक तेलवाला होता. ही गोष्ट खरं तर त्याची नाही, त्याच्यानंतर आलेल्या माणसाची आहे. पण तेलवाला कळला नाही तर पुढचं काही कळायचं नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल थोडं.

गावात तेव्हा तेलाचे बरेच घाणे होते. तेलवाल्याने काय केलं, आपलं तेल इतकं स्वस्त विकलं की बाकीचे घाणे बंद पडले. बंद पडले तसे त्याने ते विकत घेतले, त्यांचे बैलही घेतले. एक म्हातारा तेली ऐकेना, तर भर दुपारी माणसं पाठवून त्याचा घाणा कुऱ्हाडीने फोडला. मग सगळं आपल्या हातात आल्यावर भाव वाढवला. इतका वाढवला की लोकांनी दिवा लावायचंच सोडलं आणि पोरं अंधारात भाकरी चाचपत जेवायला लागली. शेवटी गाव चिडलं, एक झालं, आणि तेलवाल्याला त्याच्या पिंपांसकट वेशीबाहेर घालवून दिलं.

मग पारावर बसून गावाने एक रीत ठरवली. बाहेरून कुणी धंदा करायला आला की त्याला वेशीत थांबवायचं आणि विचारायचं, भाव काय? भाव जास्त वाटला तर तिथूनच परत. तेव्हापासून गाव निर्धास्त झालं. आता आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं सगळ्यांना वाटायला लागलं.

बरीच वर्षं गेली आणि वेशीत एक नवा माणूस आला. हसरा, गोड बोलणारा, पांढऱ्या स्वच्छ कपड्यातला. त्याच्या गाडीवर मोठी लोखंडी शेगडी होती आणि तिच्यात रसरशीत विस्तव.

पाटलांनी रीतीप्रमाणे विचारलं, भाव काय?

"भाव कसला, पाटील? फुकट," तो म्हणाला. "रोज सकाळी घरोघरी विस्तव पोचवणार. आयाबायांचे डोळे धुराने लाल होतात, ते मला बघवत नाही."

पाटील बाकीच्यांकडे बघायला लागले, बाकीचे पाटलांकडे. जास्त भाव सांगणाऱ्याला कसं अडवायचं ते ठाऊक होतं. फुकट देणाऱ्याला कसं अडवणार? सोडलं त्याला आत.

तोवर गावात घरोघरी झोपायच्या आधी चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचे. सकाळी राख सारायची, गोवरीचा तुकडा लावायचा, फुंकणीने फुंकलं की झाला जाळ. कुणाचा विझलाच तर ती बाई खापर घेऊन शेजारी जायची. विस्तव मिळायचाच, वर चार शब्द बोलणं व्हायचं, कुणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते कळायचं. नाही म्हणायची पद्धतच नव्हती.

आता सकाळ झाली की विस्तववाल्याचा माणूस घमेलं घेऊन दारात हजर. "तुम्ही कशाला उठता वहिनी, मी ठेवतो चुलीत," असं म्हणून थेट आत. बायका खूष झाल्या. कुणाला आवडणार नाही? फुंकण्या माळ्यावर गेल्या. विस्तव झाकून ठेवायचं एकेकीने सोडलं, कारण सकाळी नवा येणारच होता. शेजारी जायचं काही कारणच उरलं नाही.

माणूस विस्तव ठेवायचा आणि घटकाभर रेंगाळायचा. चुलीवर काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला ताप आहे, सगळं बघून घ्यायचा आणि मालकाला सांगायचा. मालक ते बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पैसे घेऊन सांगायचा, आणि त्याचं पोट त्यावरच भरायचं. गावात एका सुनेला दिवस गेले, तर तिने सासूला सांगायच्या आत पाळणेवाला दारात उभा. सासूने आधी पाळणेवाल्याला हाकललं, मग सुनेकडे वळून विचारलं, हे काय गं? गाव पोट धरून हसलं. तेव्हा सगळ्यांना ती गंमतच वाटली.

गावात एका गल्लीत सगुणा नावाची तरुण बाई राहायची. माहेरी चूल आईच बघायची, आणि सगुणा लग्न होऊन आली तीच विस्तववाल्याच्या काळात, त्यामुळे विस्तव कसा राखतात ते ती कधी शिकलीच नव्हती. ऐन थंडीत तिला मुलगा झाला, तोही दिवस भरायच्या आधी. एवढंसं पोर, ओंजळीत मावेल असं. सुईण म्हणाली, याला थंडी सरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ शेगडीचा शेक हवा, त्यात हयगय करू नकोस. तेव्हापासून सगुणा शेगडीला जिवापेक्षा जपायची. बाळ झोपलं तरी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. आईचं मन, दुसरं काय.

तिच्या भिंतीला भिंत लागून चंद्राक्का राहायची. बांगड्या भरणारी, एकटी बाई, जिभेने तिखट. एक दिवस अक्काने विस्तववाल्याच्या माणसाला चुलीपाशीच अडवलं.

"काय रे, विस्तव ठेवायला आलास का माझी भांडी हुंगायला? डाळीत मीठ कमी पडलंय, तेवढंही सांग जा तुझ्या मालकाला."

गल्लीतल्या बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी अक्काच्या दारात घमेलं आलं नाही.

विस्तववाला मात्र स्वतः आला, पण अक्काकडे नाही, बाकीच्या घरी. कुऱ्हाड नाही, आरडाओरडा नाही. प्रत्येकीला हात जोडून गोड आवाजात सांगत गेला, की मी कुणावर रागावत नाही. फक्त अक्काला जो विस्तव देईल त्याला माझ्या विस्तवाची गरज नाही असं मी समजेन.

गल्लीने दारं लोटून घेतली. सगुणानेही लोटलं. बाळाला पोटाशी घेऊन ती स्वतःला समजावत राहिली, की अक्का खमकी आहे, तिचं ती बघेल.

अक्का कुणाकडे मागायला गेलीच नाही. आपल्यामुळे दुसऱ्याची चूल थंड व्हायला नको, म्हणून भिजवलेले पोहे खाऊन राहिली. अंगावर काढता काढता थंडी छातीत बसली. भिंतीपलीकडून तिचा खोकला सगुणाला ऐकू यायचा. आधी मधूनमधून, मग सारखा. त्या आवाजाने बाळ दचकायचं, आणि सगुणाच्या हातातलं काम तिथेच थांबायचं.

शेवटी ती उठली. गोवरीच्या तुकड्यावर शेगडीतला विस्तव घेतला.

नवऱ्याने वाट अडवली. "उद्या आपला विस्तव बंद होईल. आपलं बाळ बघ आधी."

"बाळच बघतेय," सगुणा म्हणाली. "आज अक्काच्या दारात कुणी जायचं नाही असं ठरलं, तर उद्या आपल्या दारात कोण येणार आहे?"

ती भर दिवसा, सगळ्यांच्या देखत अक्काच्या घरी गेली. चूल पेटवली, पाणी गरम केलं, अक्काला प्यायला दिलं. अक्का म्हणाली, वेडी आहेस. आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

घरी येऊन सगुणाने शेगडीत उरलेला विस्तव राखेने झाकला. भीतीपोटी तिने इतकी राख दाबून घातली की आतल्या निखाऱ्यांना वाराच लागला नाही. सकाळी उकरलं तर नुसते काळे कोळसे. दारात घमेलं आलं नव्हतंच. बाळाचे पाय गार पडलेले, ओठ निळसर. ते रडायला लागलं, पण त्या रडण्यातही जोर नव्हता. सगुणाने सापडतील तेवढी लुगडी त्याला गुंडाळली, नवऱ्याने आपली घोंगडी घातली, तरी ते गार ते गारच.

तेवढ्यात दार ढकलून चंद्राक्का आत आली. अंगात ताप, पाय लटपटताहेत, आणि हातातल्या खापरात विस्तव. कालचाच. तिने तो राखेखाली जिवंत ठेवला होता.

"राख दाबायची नसते गं, नुसती पांघरायची असते," ती म्हणाली. "पोरासारखीच." आणि शेगडीपाशी बसून फुंकायला लागली, पण खोकल्याने तिला फुंकता येईना.

समोरच्या घरातून एक बाई हे सगळं बघत होती. तापाने फणफणलेली अक्का खापर घेऊन जाताना तिने पाहिली, बाळाचं रडणं ऐकलं, आणि तिला घरात उभं राहवेना. आपल्या चुलीतला विस्तव घेऊन ती आली. तिच्यामागे शेजारची आली. मग तिसरी, ती तर माळ्यावरची फुंकणी पुसत पुसतच आली. कुणी बाळाचे तळवे चोळले, कुणी अक्काला धरून बसवलं. शेगडी फुलली. हळूहळू बाळाच्या गालावर रंग आला, आणि मग ते असं काही खणखणीत रडलं की सगळ्या बायका हसायला लागल्या, आणि सगुणा तेवढी रडायला लागली.

विस्तववाल्याला खबर गेली. तो आला, तर एकाही दारात एकटी बाई नाही. सगळी गल्ली एका घरात. नियमाप्रमाणे आता सगळ्या गल्लीचा विस्तव बंद करायला हवा होता. पण गल्ली बंद केली तर त्याची माणसं कुणाच्या चुलीपाशी उभी राहणार, आणि व्यापाऱ्यांना तो सांगणार काय? पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा हललं.

"मी कधी कुणाकडून काही घेतलं का?" तो म्हणाला. "आयुष्यभर देतच आलो. त्याचं हे फळ?"

सगुणाने बाळाला खांद्यावर घेतलं आणि ती पुढे झाली.

"तुम्ही दिलंत ते आम्हाला दिसत राहिलं. तुमच्यामुळे आम्ही एकमेकींना द्यायचं सोडलं, ते कुणालाच दिसलं नाही. माझं बाळ आज त्यानेच जात होतं."

विस्तववाला आल्या पावली परत फिरला.

हे पाटलांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना पारावर बोलावलं, या वेळी बायकांनाही. पाटील म्हणाले, तेलवाला आपल्याला लुटत होता ते आपल्याला कळत होतं, म्हणून आपल्याला राग तरी आला. याचा राग यावा असं याने काही ठेवलंच नाही. दोघांनी केलं मात्र एकच, गावाचे हात बांधले. एकाने दोरीने, एकाने लाडाने. आणि आपण भाव विचारत बसलो.

कुणीतरी म्हणालं, यालाही घालवून द्या. सगुणाच नको म्हणाली. ओली बाळंतीण, म्हातारं माणूस, यांना सकाळी आयता विस्तव मिळाला तर चांगलंच आहे की. मग विस्तववाल्याकडे वळून म्हणाली, फक्त घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवायचं, आत यायचं नाही. आमच्या घरातलं बाहेर सांगायचं नाही. आणि आम्ही कुणाला विस्तव द्यायचा ते आम्ही ठरवू. हे चालत असेल तर राहा, आणि कामाचे पैसे रीतसर घ्या.

विस्तववाला कुरकुरत का होईना, राहिला. त्याचं घमेलं अजून गावात फिरतं. लाकडं ओली असली की सगुणाही त्याच्याकडून घेते, उगाच खोटं कशाला बोला. पण चुलीत तिचा स्वतःचा विस्तव असतो, आणि गल्लीतल्या नव्या सुनांना राख पांघरायला अक्का शिकवते, शिव्या घालत घालत.

थंडी सरली. बाळाने बाळसं धरलं, रांगायला लागलं. दारं उघडीच असायची, त्यामुळे ते कधी या घरात, कधी त्या घरात. सगुणा घाबरून शोधायला निघायची, तर कुठल्या तरी ओसरीतून आवाज यायचा, "इथं आहे गं, खातोय बघ लबाड. जेवण करून घे तू निवांत."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जुना तेलवाला कुऱ्हाड घेऊन यायचा, नवा फुकटची भेट घेऊन दारात येतो, आपल्या हातातल्या फोनमधूनही येतो. ती भेट जरूर घ्यावी, पण ती घेताना आपली कुठली विद्या आणि कुठला शेजार सुटतोय ते बघावं, आणि शेजार सुटला असेल तर आजच जाऊन शेजाऱ्याचं दार वाजवावं. अजून उशीर झालेला नाही.